उभी नजर

तुळशी आता कुणाला ओळखणार नाही, हे चिमणला कळलं तो बुधवार होता. दवाखाना सीमेपलीकडचा, गुजरातेतला. डॉक्टर वयस्क होते आणि घाईत नव्हते. त्यांनी चिमणला गॅलरीत उभं करून नीट समजावलं. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, रक्ताची नळी बंद पडली होती. हातपाय गेले होते, बोलणं गेलं होतं. नाकातून नळी घालून पोटात पातळ अन्न सोडायचं.

"आणि शुद्ध?" चिमणने विचारलं.

डॉक्टर त्याला आत घेऊन गेले. त्यांनी तुळशीच्या खाटेवर वाकून आपलं बोट तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि सावकाश उजवीकडे नेलं. मग डावीकडे नेलं. तुळशीचे डोळे उघडे होते, पण बोटामागे गेले नाहीत. समोरच्या भिंतीवर एका जागी लागून राहिले.

"बघितलंत? माणसाला समजत असेल तर नजर मागे येते," डॉक्टर म्हणाले. "श्वास चालू आहे. तेवढंच आहे आता."

चिमणने मान हलवली. नजर मागे येत नाही म्हणजे काय, हे त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुळशीच्या नजरेवर त्याने सव्वीस वर्षं काम केलं होतं.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. घरापुरता भात आणि नागली होई. बाकीचे महिने नवरा-बायको डहाणूजवळच्या आगरला नविनशेठच्या वाडीत चिकू काढायला जात. सकाळी टमटमने चारोटी, तिथून डहाणूची गाडी, पुढे चालत. चिकूचं काम एकट्याचं नाही. एकाने झाडावर चढायचं, हातात बेडणी घेऊन. बेडणी म्हणजे लांब बांबू, टोकाला जाळीची पिशवी. पण चढलेल्या माणसाला पानांच्या गर्दीत काही दिसत नाही. कुठलं फळ तयार आहे, कुठल्या फळाला अजून आठ दिवस लागतील, ते खालून दिसतं. तुळशीला ते बरोबर दिसायचं. आगरला समुद्र जवळ, वारा सुटला की खालची हाक वर पोचत नसे, आणि तुळशीचे दोन्ही हात टोपलीला गुंतलेले. म्हणून ती नुसती बघायची. चिमण फांदीवरून तिच्या तोंडाकडे बघायचा. तिचे डोळे डावीकडे गेले की बेडणी डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. वाडीतल्या बाकीच्या जोड्या दिवसभर ओरडत असत. या दोघांच्या झाडाखाली शांतता असायची. नविनशेठ म्हणायचा, तुमचं भांडण झालंय की काम चालू आहे तेच कळत नाही.

पडायच्या दोन दिवस आधी तुळशीची नजर एकदा चुकली. चिमणने तिने दाखवलं ते फळ काढलं, तर ती खालून ओरडली, "त्याच्या बाजूचं पण घ्या ना."

"बाजूला काही नाही."

"आहे. मला दोन दिसतात."

"म्हातारी झालीस तू," चिमण वरून म्हणाला. "शेठला सांगतो, हिला डबल माल दिसतो, पगार पण डबल दे."

ती हसली होती. डोळे चोळून पुन्हा वर बघायला लागली होती. बीपीच्या गोळ्या महिनाभरापूर्वी संपल्या होत्या आणि नवीन आणायच्या राहिल्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती टोपलीसकट खाली बसली आणि मग आडवी झाली. चिमण झाडावरून उतरेपर्यंत तिचं तोंड बंद झालं होतं.

आठ दिवस दवाखान्यात ठेवून त्यांनी तिला घरी आणलं.

घर दोन खोल्यांचं, वर कौलं. बाहेरच्या खोलीत, दाराच्या उजेडात खाट टाकली. मुलगी हर्षदा चारोटीला औषधाच्या दुकानात कामाला होती, ती सुट्टी घेऊन आली. नळीतून अन्न कसं सोडायचं ते सिस्टरने तिला शिकवलं होतं. तांदळाची पेज गाळून घ्यायची, डोक्याखाली उशा देऊन आईला अर्धवट बसती करायची, पिचकारीने सावकाश सोडायची, आणि काही झालं तरी तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. गिळता येत नाही, पाणी सरळ छातीत जाईल. चिमणची मोठी बहीण बुधीबाई शेजारच्या पाड्यावरून राहायला आली. ती विधवा, हाडाने मजबूत, बोलायला फटकळ. आल्या दिवसापासून घर तिने हातात घेतलं.

लोक भेटायला येत. येणारा खाटेच्या एका बाजूला बसे, तुळशीच्या तोंडाकडे बघे, "वहिनी, ओळखलंस का?" असं विचारे. तुळशी त्याच्याकडे बघत नसे. ती पायांच्या दिशेने, समोरच्या भिंतीकडे बघत राही. मग तो माणूस सुस्कारा सोडून चिमणशी बोलायला लागे, आणि तुळशी तिथे नसल्यासारखं सगळं बोलणं होई. कुणी किती दिवस काढले, कुणाची सून सासूचं करता करता माहेरी निघून गेली. चहा येई, जाई.

दुसऱ्याच दिवशी बुधीबाईने पेटी उघडून हर्षदाला विचारलं, "हिची ती हिरवी साडी कुठे आहे गं? कुणाच्या तरी साखरपुड्याला घेतलेली. ती वरती काढून ठेव. ऐनवेळी शोधाशोध नको."

"आत्या, आई इथेच आहे," हर्षदा म्हणाली.

"तिला काय कळतंय पोरी. मी काय वाईटावर आहे का तिच्या? ती साडी चांगली आहे म्हणून म्हणते."

तिसऱ्या दिवशी दुपारी हाल्या आला. हाल्या चिमणचा लहानपणापासूनचा सोबती, दोन घरं पलीकडे राहणारा. एरवी तो आला की आधी त्याचं हसणं आत येई. त्या दिवशी तो गुपचूप येऊन खाटेशेजारी जमिनीवर बसला. चिमण त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून.

"काय म्हणतात डॉक्टर?"

"काय म्हणणार. आहे तोवर आहे."

"म्हणजे किती?"

"महिना. नाहीतर वर्ष. सांगता येत नाही म्हणाले."

चिमणला बरेच दिवस झोप नव्हती. त्या दिवशी सकाळी तुळशीला कुशीवर वळवताना नळी निघून आली होती. ती परत घालायला तलासरीला न्यावं लागलं. तिथून येताना टमटममध्ये तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ते हलत होतं. तो हाल्याला म्हणाला, "अशी पडून राहण्यापेक्षा सुटली तर बरं, हाल्या. तिची पण सुटका, माझी पण."

हाल्याने चिमणच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने तो उठून गेला. तुळशीचं डोकं चिमणच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होतं.

नवव्या दिवशी माकडं आली. डोंगरातून उतरून ती घरांवरून उड्या मारत गेली आणि खाटेच्या वरची चार-पाच कौलं सरकली. दुपारी बारानंतर त्या फटीतून उन्हाची पट्टी खाली येई ती बरोबर तुळशीच्या तोंडावर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहे. चिमणला वाटलं, डोळ्यांतून पाणी येतंच अशा आजारात. दोन दिवस तसेच गेले. मग हर्षदा ओरडली, "बाबा, ऊन लागतंय तिला. तिला मान वळवता येत नाही."

चिमण आतून भिंतीवर पाय देऊन आढ्याखालच्या वाशावर चढला. झाडावर चढणाऱ्याला ते काही अवघड नव्हतं. वाशावर पोट टेकून त्याने एक कौल जागेवर ढकललं, मग पुढे सरकून दुसऱ्याला हात घातला. तेवढ्यात खालून बुधीबाईचा आवाज आला.

"अगं हर्षदा, धाव. डोळे वर लावले हिने."

चिमणचा हात तिथेच थांबला.

"खाली घ्या हिला, जमिनीवर घ्या. पाणी आण. तांब्यातलं नको, देव्हाऱ्यापुढचं आण. अरे चिमण, उतर, गेली तुझी बायको."

माणूस जायला लागलं की डोळे वर जातात, मग त्याला खाटेवरून जमिनीवर घ्यायचं आणि तोंडात पाणी घालायचं. बुधीबाईने ते सासूचं केलं होतं, नवऱ्याचं केलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. तिने तुळशीच्या खांद्याखाली हात घातलाही होता. शेजारच्या दोन बायका दारात आल्या. हर्षदा पाण्याची वाटी घेऊन उभी राहिली. तिला सिस्टरचं बोलणं आठवत होतं आणि आत्याचंही ऐकू येत होतं.

चिमणने वाशावरून खाली बघितलं.

तुळशी त्याच्याकडे बघत होती. डोळे फिरले की बुबुळं पापणीखाली जातात, पांढरं दिसतं. तसं काही नव्हतं. ती बघत होती, जशी झाडाखालून बघते तशी. चिमण वाशावरून तिच्या पायांच्या दिशेने थोडा सरकला. तिची नजर जराशी खाली आली. तो परत डोक्याच्या दिशेने सरकला. नजर वर चढली.

"पाणी घालू नका," तो म्हणाला.

"अरे, ती चालली—"

"बुधीबाय, हात काढ तिच्या अंगाचा. ती माझ्याकडे बघते."

"मेलेलं माणूस पण बघतं असं वाटतं. मला सांगू नको."

चिमणने वाशावरून जमिनीवर उडी मारली. तुळशीची नजर त्याच्याबरोबर खाली आली. तो खाटेच्या पायाशी उभा राहिला, मग उकिडवा बसला, मग परत उठला. बसला की खाली, उठला की वर. मग तो उजव्या बाजूला सरकला आणि तिची नजर सुटली. समोरच्या भिंतीवर जाऊन थांबली. तो परत पायाशी आला. तिने त्याला परत पकडलं.

"आडवं जमत नाही तिला," तो म्हणाला. "उभं जमतं. आपण सगळे बाजूला बसत होतो."

दारातल्या बायकांपैकी एक रडायला लागली. हर्षदाच्या हातातली वाटी कलंडली. बुधीबाई मात्र जमिनीवर बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. नंतर म्हणाली, "मी तिला पाजलं असतं."

दोन दिवसांनी चिमण आणि हर्षदा तिला डहाणूच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे डॉक्टर प्रगती म्हणून एक तरुण बाई होत्या. चिमणने सांगितलं ते त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग त्या स्वतः खाटेच्या पायाशी गेल्या आणि बोट आडवं न नेता वर नेलं, खाली आणलं. तुळशीने सगळं केलं. डॉक्टर प्रगतींनी विचारलं, "मावशी, तुम्हाला मी बोलते ते कळतं? कळत असेल तर वर बघा."

तुळशीने वर बघितलं.

डॉक्टर प्रगतींनी चिमणला बाकावर बसवून सांगितलं. फळाला देठ असतो तसा मेंदूलाही देठ असतो. अंगाला जाणारे सगळे धागे त्यातून खाली उतरतात. तुळशीच्या देठाचा मधला भाग गेला. हातपाय, तोंड, गिळणं आणि डोळे आडवे फिरवणं, हे सगळं तिथून चालतं. डोळे वर-खाली करणारा भाग त्याच्या जरा वर असतो, तो वाचला. आणि समजणं, ऐकणं, आठवणं हे तर त्याहून कितीतरी वर.

"म्हणजे ती सगळं ऐकते?"

"सगळं."

"आता ऐकते की पहिल्यापासून?"

डॉक्टर प्रगतींनी जरा विचार केला. "पहिले एक-दोन दिवस कदाचित गुंगी असेल. पण घरी आणलंत तेव्हा बहुतेक जागीच असणार. त्यांनाच विचारा ना. आता विचारता येईल तुम्हाला. हो असेल तर वर, नाही असेल तर खाली."

तुळशी शाळेत गेली नव्हती, त्यामुळे अक्षरांचा तक्ता दाखवून काही उपयोग नव्हता. विचारणाऱ्याने नीट विचारायचं आणि तिने हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच. आपण होऊन तिला काही काढता येणार नव्हतं. ज्या गोष्टीचा प्रश्न कुणी विचारणार नाही ती गोष्ट तिच्याजवळच राहणार.

घरी आल्यावर हर्षदाने विचारायचा सपाटाच लावला. भूक लागली? पाठ दुखते? पंखा बंद करू? लोक भेटायला आले होते ते आठवतं? तुळशी वर-खाली करत होती आणि हर्षदा हसत होती, रडत होती. मग तिने विचारलं, "आई, आत्याने तुझी हिरवी साडी काढून ठेवली होती. ते ऐकलंस तू?"

तुळशीने वर बघितलं.

"अगो बाई," बुधीबाई चुलीजवळून म्हणाली.

चिमण दारात बसून दोरी वळत होता. साडीचं बोलणं दुसऱ्या दिवसाचं. हाल्या आला होता तिसऱ्या दिवशी. त्याने दोरी खाली ठेवली आणि काही काम असल्यासारखा बाहेर निघून गेला. शेताच्या बांधावर तो अंधार पडेपर्यंत बसला.

बुधीबाई वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून तुळशीच्या पायाशी येऊन उभी राहिली. "हे बघ तुळशी," ती म्हणाली, "मी तुझी साडी काढली. तुझ्यासमोर काढली. मला वाटलं तुला कळत नाही. माझं चुकलं. राग आला का तुला?"

तुळशीने वर बघितलं.

"आला ना? येणारच. मला पण आला असता. अजून आहे का?"

तुळशीचे डोळे थोडा वेळ समोर राहिले. मग खाली गेले.

"बरं. आता काढलीच आहे गोष्ट तर विचारते. माझं वय झालं, आधी मी पण जाईन. पण तू आधी गेलीस तर तीच नेसवू का, हिरवी?"

"आत्या," हर्षदा म्हणाली.

"तू गप. तिला विचारते मी."

तुळशीने खाली बघितलं. मग एकेक साडीचं नाव घेत बुधीबाईने पेटी रिकामी केली. लाल नको. ती निळी नको. शेवटी दोरीवरच्या कपड्यांकडे हात करून तिने थट्टेने विचारलं, "मग ती वाडीत नेसायची जांभळी का? चिकूच्या चिकाचे डाग पडलेली?" तुळशीने वर बघितलं आणि बघतच राहिली. बुधीबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊ माझा गरीब, पण एवढा पण नाही." पण तिने ती जांभळी धुऊन, घडी घालून वेगळी ठेवली.

तेव्हापासून घराची रीत बदलली. येणाऱ्याने खाटेच्या पायाशी बसायचं. कुणी सवयीने बाजूला बसलं की हर्षदा त्याला उठवी. चिमणने वाशावरून दोरी सोडून तिच्या टोकाला एक छोटी टोपली बांधली, ती खेचली की वर जाई, सोडली की खाली येई. दुपारी तो वाडीतून आणलेले चिकू त्यात ठेवून वर-खाली करी आणि विचारी, तयार आहे का? तुळशी फळाकडे नीट बघून उत्तर देई. तिचं अजूनही चुकत नसे. हाल्या आला की पायाशी उभा राहून विचारी, "वहिनी, मी उभा राहू का बसू?" तुळशी खाली बघे. "बघा, मला बस म्हणाली. चहा सांगितला असता, पण ते डोळ्यांनी सांगता येत नाही." सगळे हसत. तुळशीच्या चेहऱ्यावर हसू येत नसे. डोळ्यांत येत असे असं हर्षदाला वाटे.

हाल्या आला की चिमणला बसवत नसे. हाल्याने ते बोलणं पुन्हा कधी काढलं नाही. तो बहुतेक विसरलाही असेल. चिमण विसरला नाही. सकाळी तिचं तोंड पुसताना, पिचकारीत पेज भरताना तो मनात वाक्य जुळवायचा. तू ते ऐकलंस का? मी थकलो होतो. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण ते पण खरं नव्हतं. त्या वेळी त्याला तसंच म्हणायचं होतं, आणि तिला खोटं सांगायचं तर विचारायचं कशाला? मग तो विचारी, "पेज गरम आहे का?" ती खाली बघे. "उद्या वाडीत जाऊ का? नविनशेठने निरोप पाठवलाय." ती वर बघे. तो वाडीत जाई. खाली दुसऱ्या कुणाला उभं करून काम करी, आणि दर फळाला ओरडावं लागे.

एकदा फाल्गुनात, दुपारी, घरात कुणी नव्हतं. बुधीबाई तिच्या पाड्यावर गेली होती, हर्षदा कामावर. चिमण खाटेच्या पायाशी बसला. तुळशीची नजर त्याच्यावर आली.

"तुळशी," तो म्हणाला, "तुला घरी आणल्यावर, तिसऱ्या दिवशी, हाल्या आला होता ना—"

प्रश्न अजून झाला नव्हता. तुळशीचे डोळे वर गेले. लगेच गेले, आणि मग परत खाली येऊन त्याच्या तोंडावर थांबले. ती वाट बघत होती.

बाहेर कोंबडी कोकलत होती. "त्याची म्हैस व्यायली," तो म्हणाला. "काल. रेडी झाली."

तुळशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते समोरच्या भिंतीवर होते. म्हैस खरंच व्यायली होती, एवढंच चिमणला नंतर स्वतःशी म्हणता आलं.

त्याला वाटलं होतं, अजून वेळ आहे. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा होऊ दे. हर्षदा आणि बुधीबाई जत्रेला जातील, घरात आपण दोघंच असू, त्या दिवशी विचारू. त्याने दिवसही धरून ठेवला होता.

जत्रेच्या आधीच तुळशीला ताप आला. छातीत कफ भरला, खोकून काढायची ताकद अंगात नव्हती. डहाणूला नेलं. डॉक्टर प्रगती दिवसातून तीनदा येऊन बघून जात. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. डोळे बहुतेक मिटलेले असत. चिमण पायाशी उभा राहायचा. सिस्टर त्याला बाजूला स्टूल देत, तो बसत नसे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने एकदा डोळे उघडले आणि त्याला बघितलं. वॉर्डात माणसं होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून डबा उघडत होती. चिमणने विचारलं, "दुखतंय का?"

तिने खाली बघितलं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला ती गेली. डोळे मिटलेले होते, वर गेले नाहीत. बुधीबाईने तोंडात पाणी घातलं ते ती गेल्यानंतर, डॉक्टरांना विचारून. घरी आणल्यावर तिने जांभळी साडी नेसवली. पाड्यावरच्या बायका कुजबुजल्या, की घरात चांगली हिरवी असताना ही डागाची का? बुधीबाई त्यांना म्हणाली, "मी विचारलंय तिला. तिने सांगितलंय. तुम्ही विचारलं होतं का?"

दिवस झाले. पाहुणे गेले. खाट परसात नेऊन धुतली. वाशावरची दोरी चिमणने सोडली नाही, टोपली रिकामी तिथेच लटकते. हर्षदा चारोटीहून आठवड्याने येते.

चिमण पुन्हा आगरला जातो. आता तो खाली उभा राहतो आणि वर बाबल्या नावाचा गडी चढतो. तयार फळ कुठलं ते चिमणला खालून दिसायला लागलंय, पण वेळ लागतो. त्याची मान दुखते. तुळशीची कधी दुखायची का, हे त्याने तिला विचारलं नव्हतं. बाबल्या वरून ओरडतो, "काका, बोला ना, कुठे?" आणि चिमणला मग आठवतं, की नुसतं बघून याला कळणार नाही.

मागच्या आठवड्यात हाल्या त्याच्याबरोबर चारोटीपर्यंत आला. चहाच्या टपरीवर उभं असताना चिमणने त्या दुपारचं ते बोलणं काढलं. हाल्याला आठवत होतं. तो म्हणाला, "तू थकला होतास. तिला कळलं असेल."

"कळलं असेल," चिमण म्हणाला. "मी विचारलं नाही."

गाडी आली. हाल्याने त्याचा डबा त्याच्या हातात दिला. चिमण खिडकीपाशी बसला आणि गाडी डहाणूच्या रस्त्याला लागली.

तिने ऐकलं होतं का, आणि ऐकलं असेल तर राग आला होता का, आणि आला असेल तर तो शेवटपर्यंत राहिला का, हे तीन प्रश्न होते. तिन्हींची उत्तरं वर किंवा खाली एवढ्यात देता आली असती. ते विचारायचे राहिले.